मेंदू बाईचा की बुवाचा?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा. परीक्षक टेबलावरचं कमरेचं हाड उचलून हातात देतात आणि विचारतात, "मेल की फीमेल?" उत्तर फार अवघड नसतं. हाडाच्या मागच्या काठाला एक मोठी खाच असते. तिच्यात आपला अंगठा घालून बघायचा. अंगठा इकडेतिकडे आरामात हलला तर हाड बाईचं, अडकून बसला तर पुरुषाचं. बाळाचं डोकं बाहेर यायचं असतं, म्हणून बाईच्या कमरेला ऐसपैस जागा ठेवलेली. त्याची ही खूण. कवटी हातात दिली तरी भुवयांवरचा उंचवटा आणि कानामागचा हाडाचा गोळा पाहून बरेचदा अंदाज बांधता येतो. मग परीक्षक शेजारच्या ट्रेकडे वळतात. त्यात मेंदू. ही खाच कुठली, ही रक्तवाहिनी कुठली, इथे गाठ झाली तर रोग्याचं काय होईल, अशी प्रश्नांची सरबत्ती होते. पण "मेल की फीमेल?" हे मेंदूबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं तर परीक्षकालाही सांगता येणार नाही.

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये मेंदू प्लॅस्टिकच्या बादल्यांत असत. ताजा मेंदू खरवसासारखा लिबलिबीत असतो, नुसता टेबलावर ठेवला तरी स्वतःच्या वजनानं बसतो. म्हणून त्याला तळाकडच्या धमनीखालून दोरा ओवून फॉर्मेलिनमध्ये उलटा टांगतात. काही आठवड्यांनी तो पनीरसारखा घट्ट होतो आणि रंग मातकट. बादलीत असे पाच-सहा. एकदा मी तिथल्या मामांना विचारलं, "यातला बाईचा कुठला?" तीसेक वर्षं त्या हॉलमध्ये काढलेला माणूस. त्यांनी बादलीत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बिल्ला बघावा लागंल."

म्हणजे स्त्री-पुरुषांच्या मेंदूंच्या रचनेत फरक नसतो का? असतो. पण तो मामांच्या नजरेला का दिसत नाही आणि मशीनला का दिसतो, हे समजून घ्यायला मोजणी कशी होते तेच सावकाश पाहावं लागतं. या विषयात बहुतेक भांडणं मेंदूवरून झालेली नाहीत, मोजणीवरून झालेली आहेत.

सुरुवात तराजूनं झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका शवविच्छेदनानंतर मेंदू काढून वजन करत असे. वाचेचं केंद्र दाखवून देणारा हाच तो ब्रोका. २९२ पुरुषांच्या मेंदूंची सरासरी १३२५ ग्रॅम आली, १४० बायकांची ११४४. फरक १८१ ग्रॅमचा. बायकांची शरीरंच लहान असतात हे ब्रोकाला ठाऊक होतं आणि त्यानं ते लिहिलंही. पण त्या लहानपणाचा वाटा नेमका किती, हे त्यानं मोजायला घेतलं नाही. बायका बुद्धीनं कमी असतात हे आधीच माहीत असल्यामुळे मोजायची गरज वाटली नाही, असा एकूण सूर. शंभरेक वर्षांनी स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं ब्रोकाच्याच आकड्यांत उंची आणि वय यांचा हिशोब घातला, तेव्हा १८१ चे ११३ ग्रॅम झाले. ब्रोकाच्या बायका पुरुषांपेक्षा बुटक्या तर होत्याच, शिवाय वयानंही मोठ्या होत्या, आणि म्हातारपणी मेंदू आकसतो.

१८८७ मध्ये इंग्लंडात जॉर्ज रोमेनीस या जीवशास्त्रज्ञानं बायकांच्या मेंदूत पाच औंस, म्हणजे साधारण १४० ग्रॅम कमी असतात असा हिशोब मांडून त्यावरून बायकांच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढले. ते दशक पाहा. १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आली होती, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या होत्या. 'बायकांची अक्कल चुलीपुरती' असं आपल्याकडे तराजू न वापरता म्हणत; युरोपात तेच ग्रॅममध्ये म्हणत होते, एवढाच फरक.

अमेरिकेत मात्र एका बाईनं हा वाद अंगावर घेतला. हेलन हॅमिल्टन गार्डनर. वैद्यकाची पदवी नाही, पेशानं लेखिका. त्या वेळचे नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ आणि अमेरिकन लष्कराचे माजी सर्जन जनरल विल्यम हॅमंड लिहीत होते की, बाईचा मेंदू पुरुषाच्या मेंदूहून रचनेतच वेगळा आणि उणा असतो. गार्डनर न्यूयॉर्कच्या मेंदूतज्ज्ञांना भेटत फिरली, त्यांना सरळ प्रश्न विचारत गेली आणि शेवटी तिनं हॅमंडना जाहीर आव्हान दिलं: नाव-गाव न सांगता मेंदू तुमच्यापुढे ठेवते, त्यातले बायकांचे कुठले आणि पुरुषांचे कुठले ते वेगळे करून दाखवा. हॅमंडनी ते आव्हान घेतलं नाही. मामांनी तरी बिल्ला मागितला असता.

आता तराजूच्या जागी एमआरआय आहे. त्याची मोजणी कशी चालते? तुम्ही नळीत पाच-सात मिनिटं न हलता पडून राहता. मशीन तुमच्या डोक्याचे, समजा, एक-एक मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे पाडतं. प्रत्यक्ष नाही, चित्रात. सव्वा लिटरच्या आसपासच्या मेंदूचे असे बारा लाखांहून जास्त ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळा किती उजळ दिसतो त्यावरून सॉफ्टवेअर ठरवतं की हा करड्या भागाचा, हा पांढऱ्या भागाचा, हा नुसत्या पाण्याचा. करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, ही चेतापेशींची वस्ती. पांढरा भाग म्हणजे त्या वस्त्यांना जोडणाऱ्या तारा. तारांवर चरबीचं वेष्टण असतं म्हणून पांढऱ्या. सीमेवरच्या ठोकळ्यात दोन्ही मिसळलेले असतात, तिथे सॉफ्टवेअर अंदाज करतं. मग ठोकळे मोजायचे, बेरीज करायची. स्कॅनमध्ये माणूस थोडा जरी हलला तरी चित्र पुसट होतं आणि मेंदूची साल, म्हणजे वरचा करडा थर, आहे त्याहून पातळ मोजली जाते. लहान वयात मुलगे जास्त चुळबुळ करतात. म्हणजे 'मुलग्यांची साल पातळ' असा निष्कर्ष कुणी काढला, तर त्यातली किती सालीची आणि किती चुळबुळीची, हे आधी विचारलं पाहिजे.

अशी मोजणी मोठ्या प्रमाणावर झाली ती ब्रिटनमध्ये. यूके बायोबँक या प्रकल्पातल्या ५२१६ प्रौढांचे मेंदू, २७५० बायका आणि २४६६ पुरुष, स्टुअर्ट रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तपासले. पुरुषांचे मेंदू सरासरीनं मोठे निघाले. साल मात्र बायकांची किंचित जाड. असे बरेच अभ्यास एकत्र पाहिले तर प्रौढांत आकाराचा फरक साधारण १० ते ११ टक्क्यांचा येतो. हा फरक खरा आहे आणि लहानही नाही. तरी दोन्ही गट किती एकमेकांत मिसळलेले आहेत ते असं पाहा: रस्त्यावरून कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई अशा शंभर जोड्या उचलल्या, तर ऐंशी-पंच्याऐंशी जोड्यांत पुरुषाचा मेंदू मोठा निघेल आणि पंधरा-वीस जोड्यांत बाईचा. बादलीत पाच-सहाच मेंदू असले तर काय होणार ते मामांना ठाऊक होतं.

पुरुषांचं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड हेही सरासरीनं मोठेच असतात, आणि तिथला फरक मेंदूतल्या फरकाहून जास्त असतो; पण मोठ्या मूत्रपिंडावरून कुणी पुरुषांची थोरवी गायल्याचं ऐकिवात नाही. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. नुसती उंची हिशोबात घेतली तर मेंदूच्या आकारातला फरक कमी होतो, पुसला जात नाही. 'शरीर लहान म्हणून मेंदू लहान' एवढ्या एका वाक्यात हे सगळं बसत नाही.

इथून पुढे पाय घसरतो, म्हणून जरा थांबू या.

समजा तुम्हाला हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागाची तुलना करायची आहे. पुरुषांत तो सरासरीनं मोठा असणार, कारण पूर्ण मेंदूच मोठा. मग साधा मार्ग सुचतो: भागिले एकूण मेंदू, गुणिले शंभर. टक्केवारी काढा. इथेच फसगत होते. पुण्यातले दोन फ्लॅट घ्या. एक वन बीएचके, साडेचारशे चौरस फूट. त्याचं स्वयंपाकघर साठ फुटांचं. दुसरा थ्री बीएचके, हजार चौरस फूट. त्याचं स्वयंपाकघर नव्वद फुटांचं. टक्केवारी काढली तर लहान फ्लॅटचं स्वयंपाकघर १३ टक्के, मोठ्याचं ९ टक्के. यावरून कुणी असा शोध लावला की लहान फ्लॅटमधली माणसं खाण्याची जास्त शौकीन, तर आपण हसू. घर दुपटीनं वाढलं म्हणून ओटा दुपटीनं वाढत नाही, एवढंच त्यात आहे. मेंदूचंही तसंच. मेंदू मोठा होत जातो तसे सगळे भाग एकाच पटीत वाढत नाहीत. काही मागे राहतात, काही पुढे पळतात. टक्केवारी काढली की मागे राहणारे भाग लहान मेंदूत 'तुलनेनं मोठे' दिसू लागतात, आणि लहान मेंदू बहुतेक बायकांचे असतात. 'बायकांचा हिप्पोकॅम्पस तुलनेनं मोठा, म्हणून त्यांना लग्नाचे वाढदिवस लक्षात राहतात' हे असं जन्माला येतं. २०१६ मध्ये हिप्पोकॅम्पसचे आणि २०१७ मध्ये अमिग्डालाचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. भीती, राग यांच्याशी जोडला जाणारा बदामाएवढा भाग तो अमिग्डाला. आकाराचा हिशोब नीट केल्यावर दोन्हींत स्त्री-पुरुष फरक म्हणावा असं काही उरलं नाही.

पुढे पळणाऱ्या भागाचं उदाहरण म्हणजे पांढऱ्या तारा. गाव लहान असतं तेव्हा विहिरीवरून घागर आणली की झालं. गावाचं शहर झालं की घरं जेवढी वाढतात त्याहून जास्त वेगानं पाइपलाइन वाढते, कारण पाणी लांबून आणायचं असतं. मेंदू मोठा झाला की दूरच्या वस्त्या जोडायला तारा लांब लागतात, जाडही लागतात. म्हणून मोठ्या मेंदूत पांढऱ्या भागाचं प्रमाण जास्त आणि लहान मेंदूत करड्या भागाचं. 'बायकांत ग्रे मॅटरचं प्रमाण जास्त' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. बरोबर आहे. पण सारख्याच आकाराचा मेंदू असलेले पुरुष आणि बायका शोधून शेजारी ठेवले तर त्यातला बराचसा फरक विरतो. लहान मेंदूच्या पुरुषाच्या मेंदूतही करड्या भागाचं प्रमाण जास्तच सापडतं. फरक बाई-बुवाचा कमी आणि लहान-मोठ्याचा जास्त.

चेतापेशी मोजल्या तर? १९९७ मध्ये डेन्मार्कमध्ये बेंटे पाकेनबर्ग आणि हान्स गुंडरसन यांनी ९४ मेंदूंच्या सालीतल्या पेशींचा अंदाज काढला. बायकांत सरासरी १९०० कोटी, पुरुषांत २३०० कोटी. हा आकडा पुरुषमंडळींना आवडण्यासारखा आहे. त्याच अभ्यासात माणसा-माणसांमधला फरक दुपटीहून जास्त होता, हे मात्र कमी उद्धृत होतं. आईनस्टाइनचा मेंदू १२३० ग्रॅमचा होता, ब्रोकाच्या पुरुषी सरासरीहून जवळजवळ शंभर ग्रॅमनं कमी. मेंदूचा आकार आणि बुद्धिचाचणीतले गुण यांचा संबंध आहे, पण अशक्त. आणि ज्यांना 'मोठा मेंदू, मोठी अक्कल' हे सूत्र बायकांसाठी लावायचं आहे त्यांनी २०१९ ची एक भारतीय नोंद जरूर पाहावी. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी शंभर निरोगी भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून मेंदूचा भारतीय नकाशा तयार केला, कारण जगभर वापरले जाणारे नकाशे गोऱ्या लोकांच्या डोक्यांवर बेतलेले आहेत. भारतीय मेंदू पाश्चात्त्य मेंदूपेक्षा लांबी, रुंदी, आकारमान सगळ्यात सरासरीनं लहान निघाला. चिनी आणि कोरियन मेंदूंपेक्षाही. सूत्र लावायचंच तर मग सगळ्यांना लावा.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सगळ्यात जास्त गाजलेला भाग म्हणजे कॉर्पस कॅलोसम. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्यांना जोडणारा हा तारांचा जाड पट्टा. १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध आला: या पट्ट्याचं मागचं टोक बायकांत मोठं आणि जास्त फुगीर असतं. किती मेंदू पाहिले होते? चौदा. नऊ पुरुषांचे, पाच बायकांचे. तेवढ्यावर केवढा इमला उभा राहिला! बाईचे दोन्ही अर्धे एकमेकांशी जास्त बोलतात, म्हणून तिला मनातलं ओळखता येतं, म्हणून ती एका हातानं भाजी परतत दुसऱ्या हातानं फोनवर बोलू शकते. १९९७ मध्ये कॅथरीन बिशप आणि डग्लस वॉल्स्टन यांनी या विषयावरचे ४९ अभ्यास एकत्र ठेवले आणि सांगितलं की फरक सिद्ध होत नाही. हे कुठल्या पुरवणीत आल्याचं मला आठवत नाही. भाजी परतताना फोनवर बोलणं हे घरात दुसरं कुणी भाजी परतत नसल्याचं लक्षण आहे, असं माझं मत.

मग ठाम, ठळक, टिकून राहिलेला असा रचनेतला फरक आहे का? आहे, आणि त्याची गोष्ट पक्ष्यांपासून सुरू होते. १९७६ मध्ये फर्नांडो नोटेबोम आणि आर्थर आर्नल्ड यांनी झेब्रा फिंच आणि कॅनरी या पक्ष्यांच्या मेंदूत गाण्याचं नियंत्रण करणारे पेशींचे पुंजके नरांत मादीपेक्षा कितीतरी मोठे असल्याचं दाखवलं. या पक्ष्यांत गातो तो मुख्यतः नर. तोवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या मेंदूत एवढा ढळढळीत फरक असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग शोधाशोध सुरू झाली. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला रॉजर गोर्स्की यांच्या प्रयोगशाळेला उंदराच्या हायपोथॅलॅमसमध्ये असा एक पुंजका सापडला. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला असलेला बोराएवढा भाग. भूक, तहान, ताप, कामेच्छा सगळं तिथून. नर उंदरात तो पुंजका इतका मोठा की रंगवलेला मेंदूचा काप उजेडासमोर धरला तर नुसत्या डोळ्यांनी नर-मादी ओळखावी.

माणसात तसाच पुंजका शोधणं चिकाटीचं काम होतं. १९८९ मध्ये गोर्स्कींच्याच प्रयोगशाळेत लॉरा ॲलन यांनी माणसाच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातले चार पुंजके मोजले. त्यातला तिसरा, आयएनएएच-३ या रूक्ष नावाचा, पुरुषांत सरासरीनं जवळजवळ तिप्पट निघाला. पुढे सायमन लव्हे आणि नंतर विल्यम बाईन यांनाही तो पुरुषांत मोठा सापडला. या विषयात एकाचा निष्कर्ष दुसऱ्यानं खरा ठरवणं दुर्मीळ, म्हणून याचं महत्त्व. आता त्याचा आकार पाहा. पुरुषांतही तो एक घन मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, खसखशीच्या दाण्याहून बारीक. एमआरआयचा ठोकळा आठवतो ना, एक मिलिमीटरचा? हा आख्खा पुंजका त्या एका ठोकळ्याच्या कोपऱ्यात हरवून जातो. माणसाच्या मेंदूतला सगळ्यात भरवशाचा फरक बघायचा तर माणूस मेल्यावर मेंदूचे कागदाहून पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायला लागते.

हा फरक पडतो कसा? उंदरात याची साखळी बरीचशी उलगडली आहे. वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय नावाचा जनुक गर्भात वृषण घडवतो. हा जनुक १९९० मध्ये लंडनमध्ये सापडला. वृषण टेस्टोस्टेरॉन सोडतं, ते रक्तातून मेंदूत पोचतं. तिथे ॲरोमटेज नावाचं विकर त्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवतं. होय, इस्ट्रोजेन, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. ते इस्ट्रोजेन त्या पुंजक्यातल्या पेशींना मरण्यापासून वाचवतं. घडणाऱ्या मेंदूत पेशी आधी भरमसाट तयार होतात आणि मग त्यातल्या पुष्कळ गळतात, शेतातल्या विरळणीसारख्या. मादीत ही विरळणी होते, नरात त्या जागी होत नाही. म्हणून नराचा पुंजका मोठा. मग आईच्या रक्तातल्या इस्ट्रोजेननं मादी पिल्लांचे मेंदूही नरासारखे का होत नाहीत? कारण पिल्लाच्या रक्तातलं एक प्रथिन ते इस्ट्रोजेन वाटेतच धरून ठेवतं, मेंदूपर्यंत पोचू देत नाही. टेस्टोस्टेरॉनला ते धरत नाही. ते आत जातं आणि आत गेल्यावर रूप बदलतं. मला शिकताना ही साखळी फार आवडली होती, एखाद्या रहस्यकथेसारखी.

माणसात मात्र तीच वाट दिसत नाही. काही व्यक्तींची गुणसूत्रं एक्स-वाय असतात, वृषण असतं, टेस्टोस्टेरॉन भरपूर बनतं. पण शरीरातल्या पेशींना ते ओळखताच येत नाही. शरीर बाहेरून स्त्रीचं घडतं, आणि बहुतेक जणी स्त्री म्हणूनच वाढतात, स्वतःला स्त्रीच मानतात. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होण्याला काहीच अडथळा नसतो. माणसाचा मेंदू उंदराच्या वाटेनं घडत असता तर या स्त्रियांच्या बाबतीत चित्र वेगळं दिसलं असतं. म्हणून माणसात टेस्टोस्टेरॉन थेटच काम करत असावं असं मानतात. उंदरावरून माणसावर उडी मारताना किती जपून मारावी, याचं हे चांगलं उदाहरण.

आता गार्डनरच्या आव्हानाकडे परत. अमुक एका माणसाचा मेंदू समोर ठेवला, बिल्ला काढून. सांगता येईल? २०१५ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या दाफ्ना योएल आणि सहकाऱ्यांनी १४०० हून जास्त स्कॅन घेतले. ज्या भागांत स्त्री-पुरुष फरक सगळ्यात जास्त तेच निवडले आणि प्रत्येक मेंदूत पाहिलं: हे सगळे भाग एकाच बाजूला झुकलेले आहेत का? असे मेंदू वेगवेगळ्या नोंदसंचांत मिळून शून्य ते आठ टक्के सापडले. बाकी सगळे मिश्र. हा भाग 'बायकी' टोकाला, तो 'पुरुषी' टोकाला, तिसरा मधेच. गोधडीसारखे. कुणाच्या गोधडीत इरकली तुकडे जास्त, कुणाच्या धोतराचे, पण नुसत्या एका कापडाची गोधडी जवळपास नाहीच.

विरोधकांनी लगेच उत्तर दिलं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. चेहरे घ्या, ते म्हणाले. नाक, हनुवटी, भुवया, प्रत्येक सुटी घेतली तर मिश्रच असते; तरी चेहरा पाहून आपण बाई-पुरुष चटकन ओळखतो. सगळे तुकडे एकत्र वाचले पाहिजेत. त्यांनी संगणकाला तसं शिकवलं आणि संगणकानं स्कॅन पाहून नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगितलं. म्हणजे हॅमंड जिंकले? इतक्यात नाही. संगणक वाचत होता त्यात मोठा वाटा डोक्याच्या आकाराचाच होता. तो हिशोबातून काढल्यावर काही अभ्यासांत अचूकता साठ-सत्तर टक्क्यांवर घसरली, काहींत त्याहून बरीच वर राहिली. आकार कुठल्या रीतीनं वजा केला यावर ते ठरतं. पन्नास टक्के तर नाणं उडवूनही मिळतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता दाखवली, पण त्यांनी रचना पाहिली नव्हती; स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतले भाग एकमेकांशी कसे जोडीनं चालतात ते पाहिलं होतं. माझ्या मते दोन्ही बाजूंचं खरं आहे आणि दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. मेंदूवरून बाई की बुवा याचा अंदाज संगणकाला बऱ्यापैकी बांधता येतो. उलटी वाट बंद आहे. समोरची व्यक्ती बाई आहे एवढंच सांगितलं तर तिच्या मेंदूच्या एखाद्या भागाबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही.

शिवाय मेंदू काही संगमरवरी नाही. २०१७ मध्ये छापून आलेल्या बार्सिलोनातल्या एका अभ्यासात पंचवीस पहिलटकरणींचे मेंदू दिवस राहण्याआधी आणि बाळंतपणानंतर तपासले. काही ठिकाणचा करडा भाग सगळ्यांत स्पष्टपणे घटला होता, आणि दोन वर्षांनीही बराचसा तसाच होता. त्याच काळात बाप झालेल्यांच्या मेंदूत तसं काही दिसलं नाही. घटला म्हणजे बिघडला असं नाही. बदल जितका जास्त, तितकी आईची बाळाविषयीची ओढ जास्त, असंही त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे 'बायकांचा मेंदू' या एका नावाखाली मुलगी, बाळंतीण आणि पासष्टीची आजी यांचे स्कॅन एकत्र केले, तर त्या सरासरीला फार अर्थ उरत नाही. मुलांचंही तेच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मुलींच्या मेंदूनं साडेदहाव्या वर्षी कमाल आकार गाठला, मुलग्यांच्या मेंदूनं साडेचौदाव्या. बारा वर्षांच्या भावंडांची तुलना केली तर आपण एका पोचलेल्याची आणि एका वाटेवरच्याची तुलना करतो.

मग हा खटाटोप करायचा कशाला, असं कुणी विचारेल. आजारांसाठी. स्वमग्नता मुलग्यांत मुलींच्या तीन-चार पट आढळते, पार्किन्सन पुरुषांत साधारण दीडपट, नैराश्य बायकांत दुप्पट. यात रचनेचा वाटा किती, हार्मोनचा किती, निदान करणाऱ्याच्या नजरेचा किती, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि मोजणी कित्येक दशकं लंगडी होती. मेंदूविज्ञानातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांची २०११ मध्ये मोजदाद झाली तेव्हा केवळ मादींवरच्या दर एका अभ्यासामागे केवळ नरांवरचे साडेपाच निघाले. मादीच्या हार्मोनचक्रामुळे आकडे हलतात, अशी सबब. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी पैसे देताना दोन्ही लिंगांचा विचार करण्याची अट घातली, तेव्हा चक्र फिरू लागलं.

गार्डनर पुढे बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत मोठी झाली. १९२० मध्ये अमेरिकेच्या नागरी सेवा आयोगावर तिची नेमणूक झाली. १९२५ मध्ये ती वारली, आणि मृत्युपत्रात तिनं आपला मेंदू कॉर्नेल विद्यापीठाला दिला होता. तिथे बर्ट ग्रीन वाइल्डर या प्राध्यापकांनी मेंदूंचा मोठा संग्रह केलेला होता. विद्वानांचे, गुन्हेगारांचे, सगळ्यांचे. वाइल्डर स्वतःही त्याच वर्षी वारले आणि त्यांचाही मेंदू संग्रहात गेला. तिथल्याच जेम्स पेपेझ यांनी गार्डनरचा मेंदू तपासून १९२७ मध्ये अहवाल दिला. संग्रहातल्या उत्तम मेंदूंच्या तोडीची करड्या भागाची समृद्धी, असं त्यांनी लिहिलं. वजन ११५० ग्रॅम. पुरुषांच्या सरासरीहून पाच औंस कमी, आणि वाइल्डर यांच्या मेंदूएवढंच.